एपिसोडचा मजकूर: मॉरिशसहून एकटाच परत

धंतोलीत बसून समुद्रावर बोलणं म्हणजे गंमतच आहे. आपला समुद्र म्हणजे फुटाळा, फार झालं तर अंबाझरी. पण आजची गोष्ट सुरू होते तीसुद्धा समुद्रापासून लांब, फलटणजवळच्या विंचुर्णी गावात. तिथे निवृत्त व्हाईस अॅडमिरल मनोहर आवटी राहायचे. 1971 च्या युद्धातले वीरचक्र विजेते. त्यांच्या डोक्यात एकच विषय: कुणीतरी भारतीयाने शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायची, आणि बोटही भारतातच बांधायची. जोशुआ स्लोकम या माणसाने हे 1898 मध्येच पूर्ण केलं होतं. आपल्याकडे शंभर वर्षांनंतरही कुणी नाही!

2006 मध्ये नौदलातले कमांडर दिलीप दोंदे "मी जातो" म्हणाले. ते नौदलाचे पाणबुडे, पण एकट्याने महासागर ओलांडायचा अनुभव शून्य. मग इंग्लंडला जाऊन सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे शिकले. हे तेच, ज्यांनी 1969 मध्ये न थांबता, एकट्याने पहिली प्रदक्षिणा पूर्ण केली. आणि त्यांची 'सुहैली' बोट कुठे बांधली होती? आपल्या मुंबईत, सागवानात! ती खरी खासगी बोट. दोंदेंच्या बोटीचे पैसे नौदलाचे होते, हे आधीच सांगून टाकतो.

बोट बांधली गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांनी. अशी बोट त्यांनीही आधी कधी बांधली नव्हती. 56 फूट, लाकूड आणि फायबरग्लास, नाव 'म्हादेई', म्हणजे गोव्याची नदी. फेब्रुवारी 2009 मध्ये ती नौदलाकडे आली.

आता खरी गंमत. नवी बोट, नवा बांधणारा, नवा खलाशी. थेट जगप्रदक्षिणा म्हणजे टेस्टिंग न करता शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर टाकणं. म्हणून आधी मॉरिशस. जाताना सोबत माणसं, येताना दोंदे एकटे.

मॉरिशसच का? नकाशा उघडा. गोवा विषुववृत्ताच्या वर 15 अंशांवर, मॉरिशस खाली 20 अंशांवर. सरळ रेषेत साधारण 2300 ते 2400 सागरी मैल, म्हणजे 4300 किलोमीटरच्या आसपास. ताशी सहा मैलांनी न थांबता गेलात तरी सोळा-सतरा दिवस. मधे विषुववृत्ताजवळ वारा कधी अजिबात नाही, कधी एकदम वादळी सरी. त्याच्या खाली आग्नेयेकडून वाहणारे व्यापारी वारे, म्हणजे जाताना वारा बाजूने आणि जरा समोरूनच. येताना तेच वारे मदतीला. पण पावसाळ्यात विषुववृत्ताच्या वर आलात की नैऋत्य मोसमी वारा भेटतो. दिशेला सोयीचा, पण समुद्र खवळलेला. एकाच फेरीत इतकं सगळं शिकायला मिळतं, म्हणून ही परीक्षा चांगली. एकटा माणूस झोपणार कधी, हा प्रश्न वेगळाच. शिडं कोण बघणार? सुकाणू यंत्रावर सोडून थोडं-थोडं झोपायचं, दुसरा उपाय नाही.

आणि मॉरिशस आपल्याला परकं नाही बरं का. 1834 पासून गिरमिटिया मजूर शिडाच्या जहाजांनी तिथे गेले, त्यात रत्नागिरीकडचे मराठी लोकही होते. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर उतरले. त्यांना परीक्षा-बिरीक्षा काही नव्हती, परतीची खात्रीसुद्धा नाही. आज तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. मला वाटतं, समुद्र ओलांडणारे मराठी लोक म्हटलं की आपण हे विसरतो आणि फक्त आरमार आठवतो.

तर दोंदे गोव्याला सुखरूप परतले. 19 ऑगस्ट 2009 ला मुंबईहून निघाले, चार थांबे घेतले, 19 मे 2010 ला परत. एकट्याने जग फिरणारा पहिला भारतीय. त्यानंतर त्याच म्हादेईतून अभिलाष टॉमी न थांबता फिरून आले, 2013 मध्ये.

आणि मॉरिशस? 2018 मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी 'तारिणी'तून जग फिरून गोव्याकडे येत होत्या. ही बोटही दांडेकरांचीच. शेवटच्या टप्प्यात सुकाणूचा भाग बिघडला, आणि ठरलेलं नसताना त्यांना पोर्ट लुईलाच थांबावं लागलं. दुरुस्ती केली आणि त्याच वाटेने 21 मेला गोव्यात पोहोचल्या.