पादपूरण आणि प्रबंध : डबल आल्बमच्या लांबीचा प्रश्न

यास्काने निरुक्तात निपातांचा विचार करताना कम्, ईम्, इत् आणि उ या शब्दांना पादपूरण म्हटले आहे. अर्थाला त्यांची गरज नसते; चरणातील अक्षरे पुरी व्हावीत, एवढेच त्यांचे प्रयोजन. पुढे मम्मटाने अशा शब्दांना ‘निरर्थक’ या दोषाखाली आणले. निरुक्तकाराला जी गोष्ट केवळ नोंदण्याजोगी वाटली, ती आलंकारिकाला दंडनीय वाटू लागली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात दोन तबकड्यांचा ‘डबल आल्बम’ अवतरला आणि त्याच्याविषयीची चर्चाही नेमक्या याच वाटेने गेली. इतकी लांबी हवीच होती काय? की एका तबकडीपुरत्या सत्त्वाला दुसऱ्या तबकडीभर भरताडाची जोड दिली गेली? हा प्रश्न साठ वर्षे विचारला जात आहे, आणि बहुधा चुकीच्या जागी उभे राहून विचारला जात आहे.

‘आल्बम’ हा शब्दच मुळी ग्रंथव्यवहारातून आलेला. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे संगीत मावे. एखादी सिम्फनी घ्यायची तर अनेक तबकड्या लागत आणि त्या पुठ्ठ्याच्या बांधणीत, छायाचित्रांच्या वहीसारख्या पानापानांत घालून विकल्या जात. त्या वहीचे नाव आल्बम. १९४८ च्या जूनमध्ये कोलंबिया कंपनीने न्यूयॉर्कमध्ये ३३⅓ फेऱ्यांची दीर्घवादी तबकडी सादर केली. एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावू लागली, वही नाहीशी झाली आणि तिचे नाव मात्र एकाच तबकडीला चिकटून राहिले. वीस-बावीस मिनिटांची बाजू हा नव्या छंदाचा चरण झाला. तो कोणा संगीतकाराने ठरविला नव्हता. खाचेची रुंदी आणि तबकडीचा व्यास यांनी तो ठरविला होता.

कलाकृतीची लांबी तिच्या वाहनाने ठरविण्याचा हा प्रकार साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. व्हिक्टोरियन इंग्लंडमधील तीन खंडांची कादंबरी आठवावी. एकतीस शिलिंग सहा पेन्स ही तिची किंमत सामान्य वाचकाच्या आवाक्याबाहेरची. म्हणून वाचक १८४२ मध्ये निघालेल्या म्यूडीच्या ग्रंथालयाची वर्गणी भरी. एका गिनीच्या वर्गणीत एका वेळी एकच खंड मिळे, तेव्हा एका कादंबरीचे तीन खंड असणे ग्रंथालयाच्या सोयीचे होते. तिसरा खंड भरताना लेखकाची होणारी कुतरओढ जॉर्ज गिसिंगने १८९१ च्या ‘न्यू ग्रब स्ट्रीट’मध्ये रंगविली; आणि ती कादंबरीही तीन खंडांतच निघाली! १८९४ मध्ये मोठ्या ग्रंथालयांनीच या पद्धतीतून अंग काढून घेतले आणि ती अल्पावधीत लयाला गेली. गिसिंगची कादंबरी मात्र आजही वाचली जाते, आणि तिचा तिसरा खंड भरीचा आहे असे कोणी म्हणत नाही. सक्तीची लांबी आणि निरर्थक लांबी या दोन भिन्न गोष्टी आहेत.

ध्वनिमुद्रिकांच्या व्यवहारात सक्तीची दिशा मात्र उलटी होती, आणि टीकाकारांनी हे पुरेसे लक्षात घेतलेले नाही. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्यान्वये प्रत्येक गीतामागे रचनाकाराला दोन सेंट द्यावे लागत आणि हा दर सत्तरीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत टिकला. साहजिकच गीतांची संख्या कमी ठेवण्यात कंपनीचा लाभ होता. बीटल्सच्या इंग्लंडमध्ये चौदा गीतांच्या निघालेल्या तबकड्या अमेरिकेत कॅपिटल कंपनी अकरा-बारा गीतांच्या करून विकत असे, ते यामुळेच. डबल आल्बम हा या व्यवहाराला छेद देणारा प्रकार होता. त्याची किंमत जास्त पडे, म्हणून ग्राहक प्रत्येक गीत नाण्यासारखे वाजवून घेई. भरताडाची तक्रार उगम पावली ती दुकानात. सौंदर्यशास्त्राचा पोशाख तिने नंतर चढविला.

प्रारंभीच्या काळात ही तक्रार नव्हती. बेनी गुडमनच्या १९३८ मधील कार्नेगी हॉलच्या मैफलीचे मुद्रण १९५० मध्ये दोन तबकड्यांवर निघाले. मैफल तेवढी होती म्हणून संच तेवढा. १९५६ मध्ये एला फिट्झजेराल्डने कोल पोर्टरची बत्तीस गीते दोन तबकड्यांवर गायिली, तेव्हा तो निवडक संग्रह मानला गेला. आशयाच्या आकाराने लांबीला आपोआप प्रमाणपत्र मिळत होते. रचनाकार स्वतःच्या नव्या रचनांसाठी चार बाजू मागू लागला तेव्हा वाद सुरू झाला. १९६६ च्या उन्हाळ्यात बॉब डिलनचा ‘ब्लाँड ऑन ब्लाँड’ आणि फ्रँक झापाच्या ‘मदर्स ऑफ इन्व्हेन्शन’चा ‘फ्रीक आउट!’ असे दोन संच आले. पहिल्याची चौथी बाजू पाहण्यासारखी आहे. तीवर एकच गीत आहे, अवघे सव्वाअकरा मिनिटांचे. उरलेल्या तीन बाजू वीस मिनिटांच्या आसपास भरलेल्या. भर घालण्याचाच हेतू असता तर बाजू अशी अर्धी रिकामी राहिली नसती. डिलनने येथे चरण पुरा करण्याचे नाकारले.

या वादाचे खरे रणक्षेत्र म्हणजे २२ नोव्हेंबर १९६८ रोजी निघालेला ‘द बीटल्स’ हा संच. रिचर्ड हॅमिल्टनने त्याला निव्वळ पांढरे वेष्टन दिले, म्हणून तो ‘व्हाइट आल्बम’ याच नावाने ओळखला जातो (लॅटिनमध्ये ‘आल्बम’ म्हणजे पांढरी पाटीच, हा एक सुखद योगायोग). यातील बरीच गीते त्या वर्षीच्या वसंतात हृषीकेशच्या आश्रमात रचली गेली. गीते तीस, कालावधी सुमारे त्र्याण्णव मिनिटे. निर्माता जॉर्ज मार्टिन याचे मत असे की, यांतून निवड करून एकच उत्कृष्ट तबकडी काढावयास हवी होती. तेव्हापासून ही निवड करून दाखविणे हा रसिकांचा आवडता उद्योग होऊन बसला. मौज अशी की, दोन रसिकांच्या याद्या सहसा जुळत नाहीत. एकाचे भरताड ते दुसऱ्याचे सर्वस्व असेल, तर भरताड हा त्या गीतांचा गुणधर्म कसा मानावा?

मार्टिनच्या मतामागे आणखी एक गृहीतक आहे : जे हाती होते ते सारे ओतले गेले. वस्तुस्थिती तशी नाही. त्याच उन्हाळ्यात ध्वनिमुद्रित झालेले ‘हे ज्यूड’ वेगळे काढले गेले. जॉर्ज हॅरिसनच्या ‘नॉट गिल्टी’चे शंभराहून अधिक टेक घेऊनही ते वगळण्यात आले. १६ आणि १७ ऑक्टोबरला सलग चोवीस तास बसून लेनन, मॅकार्टनी आणि मार्टिन यांनी क्रम लावला. या क्रमात योजना आहे. हॅरिसनची चार गीते चार बाजूंवर एकेक अशी वाटली आहेत. ‘ब्लॅकबर्ड’, ‘पिगीज’ आणि ‘रॉकी रकून’ ही प्राण्यांच्या नावांची गीते मुद्दाम शेजारी बसविली आहेत. आणि आठ मिनिटांहून लांबलेल्या ‘रेव्होल्यूशन ९’ या कर्कश ध्वनिसंकलनामागोमाग ‘गुड नाइट’ हे वाद्यवृंदाच्या साथीचे अंगाईगीत येते. त्या कर्कशपणाला कात्री लावली तर अंगाईगीत केवळ गोडगोड उरेल. मर्ढेकरांनी लयतत्त्वाच्या विवेचनात संवादाबरोबर विरोध आणि समतोल यांनाही स्थान दिले. त्या दृष्टीने पाहता या संचाचे घटक एकेकटे तोलण्यात अर्थ नाही. त्यांचे परस्परसंबंध तोलावे लागतात. मिनिटभरही न टिकणारे ‘वाइल्ड हनी पाय’ कोणत्याही न्यायाने उत्तम गीत नव्हे. परंतु दोन ठसठशीत चालींच्या मध्ये ते एखाद्या वाकुल्यासारखे येते आणि त्यापुढील गीताला जागा करून देते. हे पादपूरण खरे. पण यास्काच्या अर्थाने, मम्मटाच्या नव्हे.

अर्थात या युक्तिवादाने प्रत्येक पसारा पावन होत नाही. हॅरिसनच्याच १९७० मधील ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ची तिसरी तबकडी ही मित्रमंडळींच्या सैल वादनाची आहे. तीत काही वाढत नाही, काही उलगडत नाही. पुढल्या वर्षाअखेर निघालेल्या ‘द कन्सर्ट फॉर बांगला देश’च्या तीन तबकड्यांत पहिली पूर्ण बाजू रविशंकर आणि अली अकबर खाँ यांना दिली आहे. तेथेही वादन उत्स्फूर्तच आहे, परंतु ते एका शिस्तीने पायरी पायरीने चढते. हा फरक गोव्यातील केरीच्या केसरबाई केरकरांच्या ध्वनिमुद्रिकांवरूनही उमगतो. त्यांच्या भैरवीचे साडेतीन मिनिटांचे ७८ फेऱ्यांचे मुद्रण १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेले. तेवढ्यात राग सिद्ध होतो. तरीही बाईंच्या मैफलीतील विस्ताराला कोणी भरताड म्हटले नाही, कारण त्यातील प्रत्येक आवर्तन मागल्याला काही उत्तर देत असे.

कथात्मक संचांचा न्याय निराळा. पिंक फ्लॉइडच्या १९७९ मधील ‘द वॉल’मध्ये सव्वीस तुकडे आहेत, त्यांतील कित्येक स्वतंत्रपणे उभे राहू शकत नाहीत. पण आख्यानातले सांधे सुटे काढून त्यांना काव्य नाही म्हणून दोष देणे हा अन्याय होय. येथे तबकडीनेच संपादकाचे काम केले : एक बाजू फार लांबल्यामुळे ‘व्हॉट शॅल वी डू नाउ?’ हे गीत ऐन वेळी काढावे लागले, आणि वेष्टनावर त्याचे शब्द मात्र तसेच छापले गेले. त्याच वर्षी ‘द क्लॅश’ने ‘लंडन कॉलिंग’च्या दोन तबकड्या एकीच्या किमतीत देऊन दुकानातील तक्रारीची हवाच काढून घेतली. वर्षभराने त्यांनी ‘सँडिनिस्टा!’ या संचात सहा बाजूंवर छत्तीस गीते दिली आणि त्यासाठी इंग्लंडमधील पहिल्या दोन लक्ष प्रतींवरील मानधन सोडले. त्यात आपल्याच गीतांची पुनरावृत्ती आहे, लहान मुलांकडून गाऊन घेतलेली जुनी रचना आहे. सहावी बाजू ऐकताना त्यागाची किंमत श्रोत्याने भरली असे वाटल्यावाचून राहत नाही.

भरताडाचा आरोप सर्वांत प्रामाणिकपणे हाताळला तो कॅलिफोर्नियातील ‘मिनिटमेन’ या तिघांच्या चमूने. ‘हुस्कर डू’चा ‘झेन आर्केड’ हा दुहेरी संच ऐकून त्यांनी आपल्याजवळच्या सामग्रीत भर घातली आणि १९८४ मध्ये ‘डबल निकल्स ऑन द डाइम’ काढला. मिनिट-दोन मिनिटांची चाळीसहून अधिक गीते; वाटणीसाठी चिठ्ठ्यांसारख्या काड्या ओढून तिघांनी आळीपाळीने एकेक गीत आपल्या बाजूसाठी उचलले. तीन बाजूंना तिघांची नावे पडली. कोणीच न उचललेली गीते चौथ्या बाजूवर गेली आणि तिचे नाव त्यांनी ठेवले ‘फोलपट’. धान्य आणि फोल यांची निवड कर्त्यांनीच श्रोत्यापुढे करून दाखविली, आणि फोल फेकले मात्र नाही. पाखडणे दिसले की धान्यावरचा विश्वास वाढतो. पुढे हा संच एकाच कॉम्पॅक्ट डिस्कवर बसविताना काही गीते गाळावी लागली.

१९८२ मध्ये बाजारात आलेल्या या डिस्कने चरणच बदलला. चौऱ्याहत्तर मिनिटे अखंड मावू लागली, ‘ब्लाँड ऑन ब्लाँड’ एकाच डिस्कवर आला, बाजू उलटण्याचा विराम गेला. नव्वदीच्या दशकात एकेरी डिस्कच दुहेरी संचाएवढ्या लांब होऊ लागल्या. डिसेंबर २०१४ पासून अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ यादीत कोणत्याही दीड हजार गीतश्रवणांना एका आल्बमच्या विक्रीइतके मोल मिळू लागले. त्यानंतर ड्रेकचा पंचवीस गीतांचा ‘स्कॉर्पियन’ (२०१८) किंवा ख्रिस ब्राउनचा पंचेचाळीस गीतांचा संच (२०१७) यांत नवल उरले नाही. दोन सेंटांच्या काळात कंपनी गीते कमी करी; आता गीत वाढविण्यात लाभ होता. म्यूडीचे ग्रंथालय निराळ्या वेषात परतले.

दरम्यान जे गाळले गेले होते, त्याचे काय? प्रिन्सने ‘क्रिस्टल बॉल’ या नावाने तीन तबकड्यांचा संच सिद्ध केला होता. कंपनीच्या आग्रहामुळे तो आटपून १९८७ मध्ये ‘साइन ओ’ द टाइम्स’ हा दोन तबकड्यांचा झाला, आणि छाटणीनेही कृती उजळते याचा तो उत्तम दाखला ठरला. २०२० मध्ये त्याची विस्तारित आवृत्ती निघाली ती त्या काळातील अप्रकाशित गीतांचा ढीग घेऊन. ‘व्हाइट आल्बम’ची पन्नाशीची आवृत्ती २०१८ मध्ये, जॉर्ज मार्टिनच्या निधनानंतर दोन वर्षांनी, आली. तीत मूळच्या तीस गीतांना घरगुती मुद्रणातील सत्तावीस आणि स्टुडिओतील पन्नास टेक यांची जोड आहे, आणि ‘नॉट गिल्टी’चा एकशे दुसरा टेकही त्यांत आहे.