रिपोर्ट नॉर्मल आहे, मग?

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात घराच्या पायरीवरून पाय घसरला आणि डोकं उंबऱ्यावर आपटलं. रक्त आलं नाही. सीटी स्कॅन स्वच्छ निघाला. पण पुढचे तीन महिने ट्यूबलाइट डोळ्यांना टोचायची, भांड्यांचा आवाज थेट डोक्यात शिरायचा आणि कविता वाचताना दुसऱ्या ओळीवर आलो की पहिली निसटलेली असायची. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारी, "रिपोर्ट नॉर्मल आहे ना? मग?"

या 'मग'ला मोठा इतिहास आहे.

कवटी न फुटता मेंदू नुसता हादरतो, हे सुमारे अकराशे वर्षांपूर्वी अल-राझी या इराणी हकिमाने ओळखलं होतं. हादरा ओसरल्यावरही जो माणूस पूर्ववत होत नाही, त्याचं काय, हा वाद मात्र रेल्वे आल्यावर पेटला. कारण आता नुकसानभरपाईचा प्रश्न होता. १८६६ मध्ये लंडनचे शल्यविशारद जॉन एरिक एरिकसन यांनी रेल्वे अपघातांतून वरवर धडधाकट बाहेर पडलेल्या, पण पुढे झोप आणि स्मरणशक्ती बिघडलेल्या माणसांवर व्याख्यानं प्रसिद्ध केली. दोष त्यांनी मुख्यतः कण्याला बसलेल्या धक्क्याला दिला. १८८३ मध्ये हर्बर्ट पेज यांनी उलट सांगितलं, की यातलं बरंचसं भीतीमुळे होतं. पेज एका रेल्वे कंपनीचे सर्जन होते, हे खरं. पण भीतीनेही माणूस खरोखर आजारी पडतो, हे त्यांनी नाकारलं नव्हतं.

नंतरच्यांनी तेवढंही सौजन्य दाखवलं नाही. १९६१ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे मेंदूविकारतज्ज्ञ हेन्री मिलर यांनी भरपाई मागणाऱ्या २०० जणांच्या तपासणीवरून मांडलं, की किरकोळ मार लागलेल्यांच्या तक्रारीच अनेकदा जास्त असतात आणि दाव्याचा निकाल लागला की त्या बहुतेक विरतात. हे म्हणणं न्यायालयांत वर्षानुवर्षं चाललं. पुढच्याच वर्षी चार्ल्स सायमंड्स यांनी शंका काढली, की हादरा कितीही हलका असो, त्याचा परिणाम पूर्णपणे पुसला जातो का? १९८५ मध्ये टार्श आणि रॉयस्टन यांनी अशाच काही दावेदारांचा निकालानंतर मागोवा घेतला. पैसे मिळूनही त्यांतले बहुतेक बरे झालेले नव्हते.

मला स्वतःला यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो तो न्यूझीलंडमधला. ऑकलंडच्या रुग्णालयात मानसशास्त्रज्ञ डोरोथी ग्रोनवॉल आणि मेंदूशल्यविशारद फिलिप राइटसन यांनी एक साधी कसोटी वापरली. टेपवर एकेक आकडा ऐकू येतो आणि प्रत्येक नवा आकडा त्याच्या लगेच आधीच्या आकड्यात मिळवायचा. ३, मग ५, उत्तर ८. पुढे २ आला, तर उत्तर १० नव्हे, ७. म्हणजे स्वतःचं उत्तर विसरायचं आणि ऐकलेला आकडा लक्षात ठेवायचा. बेरीज पहिलीतल्या पोराची, पण टेप थांबत नाही. १९७४ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की हलक्या हादऱ्यानंतरही रुग्ण इथे मागे पडतात, आणि ज्यांच्या तक्रारी रेंगाळतात त्यांचे गुण सुधारायलाही वेळ लागतो. 'डोकं चालत नाही' ही तक्रार आकड्यांत उतरली. माणूस मंद झालेला नव्हता. एका वेळी जेवढं पेलायचं, तेवढं त्याला पेलवत नव्हतं.

उपचारांचा विचारही बदलला. पूर्वी अंधाऱ्या खोलीत पडून राहा म्हणत. २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला जमलेल्या तज्ज्ञांचा सल्ला वेगळा आहे: पहिले एक-दोन दिवस आराम, तोही बेताचा, मोबाइल-टीव्ही कमी, मग चालणं सुरू. त्रास थोडा वाढला तर चालेल, फार वाढला तर थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघायचं. (उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी असेल तर मात्र तडक दवाखाना.)

मला हे उशिरा कळलं. सकाळी मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत आणि परत, पुढे तळ्यापर्यंत, असं चालत गेलो. वाचन दहा मिनिटं, मग डोळे मिटून पडणं. एका संध्याकाळी मुलीने गंमत म्हणून आकडे वाचले. चौथ्याच आकड्याला मी हरवलो. ती हसली नाही. "अब्बा, पुन्हा?" म्हणाली, आणि या वेळी जरा सावकाश वाचू लागली.