दंड दहा हजार, तारीख कोर्टाची

गंगापूर रोडवरच्या वायनरीतून परतताना नाकाबंदीत पोलीस जो आकडा बघतात, तो १९८८च्या मोटार वाहन कायद्यातला, कलम १८५: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. पहिल्या गुन्ह्याचा दंड दोन हजारांपर्यंत होता, २०१९च्या दुरुस्तीने दहा हजार झाला. सहा महिन्यांपर्यंतची कैद आधीपासून होतीच.

नोव्हेंबर २००६मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर ॲलिस्टर परेराच्या गाडीखाली फुटपाथवर झोपलेले सात मजूर गेले. सत्र न्यायालयाने सहा महिने दिले, उच्च न्यायालयाने तीन वर्षं. २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच कायम ठेवली. मला तीही कमीच वाटते.

आपल्या आयटीवाल्यांना दंड किरकोळ वाटतो. पण खटला फौजदारी असतो. तो प्रलंबित असताना ऑनसाइट मिळालं, तर नव्या पासपोर्टसाठी कोर्टाची परवानगी लागते; आणि कोर्टाची तारीख मॅनेजरला विचारून पडत नाही.