व्हिटमन काउंटी : विद्यापीठापलीकडचा गव्हाचा मुलूख

‘वॉशिंग्टनला प्रवेश मिळाला’ अशी बातमी घरात आली, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे अमेरिकेची राजधानी उभी राहते. थोडी अधिक माहिती असलेल्यांना सिएटल आठवते. प्रत्यक्षात वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीचे मुख्य संकुल या दोन्ही शहरांपासून दूर आहे. राजधानीपासून ते खंडाच्या दुसऱ्या टोकाला आहे, आणि सिएटलपासूनही पूर्वेला सुमारे साडेचारशे किलोमीटरवर, आयडाहो राज्याच्या सीमेलगत, पुलमन नावाच्या गावी. गावाबाहेर पडताच गव्हाच्या टेकड्या सुरू होतात आणि क्षितिजापर्यंत संपत नाहीत.

हा सारा प्रदेश व्हिटमन काउंटीचा. अमेरिकेत अशा अनेक ग्रामीण काउंट्या आहेत, ज्यांची ओळख एखाद्या विद्यापीठाच्या नावाने सुरू होते आणि तेथेच संपते. चार वर्षे राहून परतलेल्या विद्यार्थ्यालाही शेजारच्या गावांची नावे ठाऊक नसतात. व्हिटमन काउंटीत मात्र विद्यापीठ आणि शेतशिवार यांचे नाते सव्वाशे वर्षांहून जुने आहे. त्याचा एक धागा विदर्भातील क्रांतिकारकापर्यंत आणि दुसरा आपल्या ताटातील पोळीपर्यंत येऊन पोहोचतो.

जिल्हा, पण जिल्हाधिकाऱ्याविना

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. मात्र तेथे वरून नेमलेला जिल्हाधिकारी नसतो. कारभार पाहणारे तीन आयुक्त, शेरिफ, कोषाधिकारी, मालमत्तेचे मूल्यांकन करणारा अधिकारी हे सारे मतदारांनी निवडून दिलेले असतात. व्हिटमन काउंटीची स्थापना १८७१ मध्ये झाली. तिचे मुख्यालय पुलमन नसून, उत्तरेकडील कोलफॅक्स हे जेमतेम पावणेतीन हजार वस्तीचे गाव आहे.

क्षेत्रफळ सुमारे ५,६०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून थोडे अधिक. सिंधुदुर्गात २०११ च्या जनगणनेनुसार साडेआठ लाखांच्या आसपास लोक राहतात. व्हिटमन काउंटीची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत ४७,९७३ होती. त्यातील ३२,९०१ जण एकट्या पुलमनमध्ये होते. उरलेले सुमारे पंधरा हजार लोक कोलफॅक्स व इतर चौदा नगरांत आणि विखुरलेल्या शेतघरांत राहतात.

विद्यार्थ्यांची गणना ते शिकतात त्या गावी होते, हे येथील आकडे वाचताना ध्यानात ठेवावे लागते. स्वतःचे उत्पन्न नसलेले हजारो तरुण हिशेबात आल्यामुळे काउंटीचा दारिद्र्याचा दर प्रत्यक्षाहून फुगलेला दिसतो, तर सरासरी वय कमालीचे कमी भासते. या तरुण आकड्यांच्या आड वयस्कर होत चाललेली शेतकरी गावे झाकली जातात.

वाऱ्याने आणलेली माती

या प्रदेशाला ‘पलूस’ म्हणतात. सांगली जिल्ह्यातील पलूसशी असलेले नावाचे साम्य निव्वळ योगायोगाचे. येथील टेकड्या खडकाच्या नाहीत. हिमयुगाच्या काळात वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक मातीचे थरावर थर साचून त्या तयार झाल्या. वाळूच्या लाटांसारख्या दिसणाऱ्या या टेकड्यांमधून ३,६१२ फूट उंचीचा स्टेप्टो ब्यूट हा गारगोटीच्या कठीण खडकाचा सुळका वर येतो. भोवतालच्या मातीच्या तुलनेत हा खडक अतिप्राचीन, चाळीस कोटी वर्षांहून जुना आहे. माथ्यापर्यंत रस्ता आहे, आणि काउंटीचा विस्तार एका नजरेत पाहण्यासाठी याहून चांगली जागा नाही.

पुलमनला वर्षाकाठी सुमारे वीस इंच पाऊस व हिम पडते, पश्चिमेकडे ते कमी होत जाते. तरीही येथील शेती बहुतांशी कोरडवाहू आहे, कारण ही खोल माती हिवाळ्यातला ओलावा उन्हाळ्यापर्यंत धरून ठेवते. शरद ऋतूत पेरलेला गहू जुलैअखेर व ऑगस्टमध्ये कापणीला येतो. देशातील आघाडीच्या गहू उत्पादक काउंट्यांत व्हिटमनचे नाव घेतले जाते. पूर्वी या तीव्र उतारांवर तीस-तीस घोडे व खेचरे जुंपलेली कापणी यंत्रे चालत. आता उतारावरही आपोआप समतल राहणारी अवजड यंत्रे ते काम करतात.

या समृद्धीची किंमतही मोजावी लागली आहे. मूळच्या गवताळ माळरानाचा एक टक्काही भाग आता शिल्लक नाही, आणि नांगरलेल्या उतारांवरून सुपीक माती पिढ्यान्‌पिढ्या वाहून गेली. अलीकडे न नांगरता पेरणी करण्याची पद्धत अनेक शेतकऱ्यांनी स्वीकारली आहे, ती याच कारणाने.

आधीचे आणि नंतरचे

पलूस हे मूळ रहिवाशांच्या एका जमातीचेही नाव आहे. पलूस आणि स्नेक या नद्यांच्या संगमावर तिचे मुख्य गाव होते आणि घोड्यांच्या पैदाशीसाठी ती प्रसिद्ध होती. ठिपकेदार ‘अ‍ॅपलूसा’ घोड्याचे नाव याच प्रदेशावरून पडले. मे १८५८ मध्ये आजच्या रोझेलिया गावाजवळ मूळ जमातींच्या योद्ध्यांनी कर्नल स्टेप्टोच्या सैन्याला माघार घ्यायला लावली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कर्नल राइटने सूड उगवला. स्पोकेनजवळ जमातींचे सुमारे आठशे घोडे त्याच्या सैनिकांनी ठार केले. पराभूत सेनानी स्टेप्टोचे नाव सुळक्याला मिळाले. प्रतिकाराचे नेतृत्व करणाऱ्या कमायाकिनचे नाव पुलमनच्या उत्तरेकडील कमायक ब्यूट या डोंगराने जपले आहे. पलूस जमातीचे वंशज आज कोलव्हिल, याकामा, नेझ पर्स आदी समुदायांत विखुरले आहेत.

नंतर आलेले वसाहतकारही एकजिनसी नव्हते. एन्डिकॉट परिसरात रशियातील व्होल्गा नदीकाठाहून आलेले जर्मन शेतकरी स्थिरावले. दक्षिणेकडील युनियनटाउन व कोल्टन येथे कॅथलिक जर्मनांनी चर्चभोवती गावे उभारली. उत्तरेकडील मॉल्डन रेल्वेमुळे वाढले, आणि रेल्वे गेल्यावर ओसरले. एकमेकांपासून पंधरा-वीस किलोमीटरवर असलेल्या या गावांच्या स्वभावात आजही फरक जाणवतो.

शेतातून उगवलेले विद्यापीठ

अमेरिकी संसदेने १८६२ मध्ये केलेल्या कायद्यानुसार राज्यांना जमिनी देण्यात आल्या आणि त्यांच्या उत्पन्नातून कृषी व यंत्रविद्येची महाविद्यालये निघाली. पुलमनचे महाविद्यालय त्यांपैकीच एक. १८९० मध्ये त्याची स्थापना झाली आणि जानेवारी १८९२ मध्ये ५९ विद्यार्थ्यांनिशी वर्ग सुरू झाले. १९५९ मध्ये त्याला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ‘शिक्षण, संशोधन आणि विस्तार’ ही त्रिसूत्री आपल्याकडील राहुरी वा अकोल्याच्या कृषी विद्यापीठांमुळे मराठी वाचकाला परिचित आहे. तिचे मूळ या अमेरिकी परंपरेत सापडते. दूरचित्रवाणी पत्रकारितेचा पाया घालणारे एडवर्ड मरो हे १९३० चे येथील पदवीधर. विद्यापीठाचे पत्रकारिता महाविद्यालय त्यांच्याच नावाने चालते.

मराठी माणसाचा या गावाशी संबंध मात्र मरो यांच्याही आधीचा. वर्धा परिसरातून आलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे येथे कृषिशास्त्र शिकले आणि १९१३ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले. गदर चळवळीच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. पुढे इंग्रज सरकारमुळे मायदेश बंद झालेल्या खानखोजे यांनी मेक्सिकोत चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात अध्यापन केले, मका व गव्हाच्या वाणांवर काम केले. विख्यात चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले. १९६७ मध्ये नागपूर येथे त्यांचे निधन झाले. २०२२ मध्ये चापिंगो येथे त्यांचा पुतळा उभारण्यात आला.

पुलमन, मेक्सिको आणि भारत ही वाट नंतर गव्हाच्या बियाण्यानेही चोखाळली. खताची मात्रा वाढली की उंच गव्हाची ओंबी जड होते आणि पीक लोळते. केंद्रीय कृषी खात्याचे पुलमनस्थित शास्त्रज्ञ ऑर्व्हिल व्होगल यांनी जपानच्या ‘नोरिन १०’ या बुटक्या वाणाचा स्थानिक गव्हाशी संकर करून यावर उपाय शोधला. १९६१ मध्ये त्यांचा ‘गेन्स’ हा वाण शेतकऱ्यांच्या हाती आला. तत्पूर्वीच त्यांनी आपले संकरित बियाणे मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्याकडे पाठविले होते. त्यातून विकसित झालेल्या मेक्सिकन वाणांचे अठरा हजार टन बियाणे भारताने १९६६ मध्ये आयात केले आणि हरितक्रांतीला वेग आला. व्होगल यांचे नाव मात्र आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही.

मसुराचा उत्सव, आयात शुल्काची झळ

गव्हाच्या जोडीला येथे मसूर, वाटाणा आणि हरभरा पिकतो. अमेरिकेतील मसुराच्या व्यापारी शेतीची सुरुवात याच काउंटीतील फार्मिंग्टन परिसरात १९१० च्या दशकात झाल्याचे सांगितले जाते. आता मोंटाना व नॉर्थ डकोटा ही राज्ये त्यात पुढे गेली आहेत, तरी पुलमनमध्ये १९८९ पासून दर ऑगस्टमध्ये राष्ट्रीय मसूर महोत्सव भरतो आणि अजस्र भांड्यात शिजलेला मसूर गावकऱ्यांना व नुकत्याच दाखल झालेल्या विद्यार्थ्यांना वाढला जातो. विद्यापीठ आणि शिवार एकाच रस्त्यावर दिसण्याचा हा प्रसंग.

या पिकाचे भाव मात्र दिल्लीतील निर्णयांनीही हलतात. भारताने डिसेंबर २०१७ मध्ये मसूर व हरभऱ्यावर ३० टक्के आयात शुल्क लावले. जून २०१९ मध्ये अमेरिकी मालावर प्रत्युत्तरादाखल आणखी शुल्क आले, ते सप्टेंबर २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. आपल्याकडील शेतकऱ्याला आधार देणाऱ्या वा व्यापारी वादातून आलेल्या या निर्णयांची झळ पलूसच्या शेतकऱ्याला थेट लागली.

ओसरणारी गावे

१९१० मध्ये काउंटीची लोकसंख्या सुमारे ३३ हजार होती आणि त्यात पुलमनचा वाटा तीन हजारांहूनही कमी होता. याचा अर्थ, शंभर वर्षांत पुलमन दसपटीहून अधिक वाढले आणि उरलेली काउंटी निम्मी झाली. घोड्यांच्या जागी यंत्रे आली, एकेका कुटुंबाची जमीन वाढत गेली आणि गावांतील माणसे कमी झाली. एका गावाला स्वतंत्र शाळा परवडेनाशी झाली, तेव्हा शेजारी गावांनी एकत्र शाळा चालवल्या. गारफील्ड आणि पलूस या गावांचे हायस्कूल संयुक्त आहे. आग विझवण्याचे काम बहुतेक ठिकाणी गावातील स्वयंसेवकच करतात.

त्यातील दुबळेपणा ७ सप्टेंबर २०२० रोजी उघड झाला. सोसाट्याच्या वाऱ्यात भडकलेल्या वणव्याने दोनशे वस्तीच्या मॉल्डनमधील सुमारे ऐंशी टक्के इमारती काही तासांत भस्मसात केल्या. नगर कार्यालय, टपाल कचेरी, वाचनालय आणि अग्निशमन केंद्रही जळाले. शेजारच्या पाइन सिटीचीही तीच गत झाली. प्राणहानी टळली. मात्र केंद्राने आपत्ती जाहीर करून मदतीचा मार्ग मोकळा करण्यास फेब्रुवारी २०२१ उजाडला. विमा नसलेल्या वृद्ध रहिवाशांसाठी ते पाच महिने फार लांबले.

तरीही ही गावे केवळ मावळतीची नाहीत. युनियनटाउनच्या जुन्या दूधगोठ्यात कलाकेंद्र चालते आणि त्याभोवती यंत्रांच्या शेकडो लोखंडी चाकांचे कुंपण आहे. कोलफॅक्समध्ये उंच लाकडी स्तंभ आहे. १९३८ मध्ये सेंट जॉनविरुद्ध खेळलेला फुटबॉल सामना त्याच खेळाडूंनी पन्नास वर्षांनी, साठी-सत्तरीत, पुन्हा खेळला, त्याची ती आठवण. ग्रामीण वाचनालयांचे जाळे काउंटीभर पसरले आहे.

पुलमनही निर्धास्त नाही. कोविडनंतर विद्यार्थिसंख्या घटली, आणि तिच्यावर घरभाड्यापासून उपाहारगृहांपर्यंत सारे अवलंबून आहे. त्याला तोल देते ती विद्यापीठाच्याच एका माजी विद्यार्थ्याने १९८२ मध्ये काढलेली श्वाइट्झर इंजिनीअरिंग ही वीजयंत्रणेची संरक्षक उपकरणे बनवणारी, कर्मचाऱ्यांच्या मालकीची कंपनी.

नदीवरचा वाद

काउंटीच्या दक्षिण सीमेवरून स्नेक नदी वाहते. तिच्या खालच्या टप्प्यातील चार धरणे १९६१ ते १९७५ या काळात पूर्ण झाली. त्यांच्यामुळे येथील गहू मालवाहू तराफ्यांतून थेट पोर्टलंडच्या बंदरात जातो. मात्र याच धरणांनी समुद्रातून उलट पोहत येणाऱ्या सामन माशांची वाट अडवली. १८५५ च्या करारान्वये मासेमारीचा हक्क राखून ठेवलेल्या नेझ पर्स जमातीसाठी हा अस्तित्वाचा प्रश्न आहे. बायडेन प्रशासनाने डिसेंबर २०२३ मध्ये जमातींशी या खोऱ्याच्या पुनरुज्जीवनाचा करार केला, ट्रम्प प्रशासनाने जून २०२५ मध्ये तो रद्द केला. विद्यापीठातील मत्स्यशास्त्र आणि शेतकऱ्याचे वाहतूकखर्चाचे गणित या प्रश्नावर समोरासमोर येतात, आणि दोघांनाही राहायचे याच काउंटीत असते.

या भागात शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याने, किंवा त्याला भेटायला जाणाऱ्या पालकांनी, एक दिवस राखून ठेवावा. पुलमनहून कोलफॅक्स, तेथून स्टेप्टो ब्यूट, पुढे ओक्सडेल, गारफील्ड, पलूस असा फेरा गाडीने सहज होतो. जून महिन्यात टेकड्या हिरव्या असतात, ऑगस्टमध्ये सोनेरी. वाटेत एखाद्या गावच्या उपाहारगृहात थांबावे. आपण भारतातून आलो असे सांगितल्यावर मसुराच्या भावाचा विषय निघण्याचा संभव आहे.