हिरड्यांचे विकार व उपचार (जुन्नर–आंबेगाव)

दातांभोवतीची हिरडी व तिच्याखालचे हाड यांना जंतूंच्या थरामुळे होणारा दाह आणि त्यावरील इलाज. पहिल्या टप्प्यात हिरडी लाल व फुगीर होते, दात घासताना रक्त येते. या टप्प्यावर उपचार केल्यास विकार पूर्ण बरा होतो. दुर्लक्ष झाल्यास हिरडी दातापासून सुटते, पू येतो, हाड झिजते व दात हलू लागतो. लोक याला ‘पायोरिया’ म्हणतात. झिजलेले हाड आपोआप भरत नाही. उरलेले टिकवणे हाच तेव्हा उपचाराचा मुख्य हेतू असतो.

ग्रामीण महाराष्ट्राप्रमाणे जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांतही, विशेषतः वयस्क स्त्रियांत, मिश्रीची सवय जुनी आहे. भाजून पूड केलेला तंबाखू बोटाने हिरड्यांवर घासतात. मिश्रीने दात घट्ट राहतात हा समज फसवा आहे. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसत असल्याने रक्त कमी दिसू शकते आणि रोग आत वाढत राहतो. मिश्री सुटली नाही तर पुढील कोणताही उपचार फार काळ टिकत नाही.

आहुपे, भीमाशंकर परिसर, नाणेघाट या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी कुटुंबे बाळहिरडा (हिरड्याच्या झाडाची कोवळी फळे) गोळा करून, सुकवून विकतात. हिरडा हा त्रिफळ्याचा घटक. सुश्रुतसंहितेत दंतमूलाचे (हिरड्यांचे) १५ रोग सांगितले असून, त्यांपैकी ‘शीताद’ या रक्तस्रावी विकारात आधी रक्त काढून मग सुंठ, मोहरी, त्रिफळा व नागरमोथा यांच्या काढ्याच्या गुळण्या दिल्या आहेत. तिथे हत्यार आधी आणि काढा नंतर, हे लक्षात घेण्याजोगे. हिरडा या फळातील टॅनिन तुरट असल्याने सूज उतरायला मदत होते. मात्र दाताला चिकटून कठीण झालेला टार्टर कोणत्याही काढ्याने, मंजनाने वा गोळीने निघत नाही.

टार्टर काढणे (स्केलिंग) हाच पायाभूत उपचार. दात व हिरडी यांमधील खाच निरोगी अवस्थेत १ ते ३ मिमी असते; ती खोल असल्यास जागा बधिर करून मुळांचा पृष्ठभागही साफ करतात. ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या दोनेक आठवड्यांपुरत्या देतात. अधिक वापराने दातांवर तपकिरी डाग पडतात. प्रतिजैविके निवडक रुग्णांनाच, तीही सफाईला जोड म्हणून. काही आठवड्यांनी फेरतपासणी करून खोल खाचा उरल्यास हिरडी उघडून शस्त्रक्रिया (फ्लॅप) करतात. काही ठिकाणी हाडाचा चुरा भरतात. शस्त्रक्रियेसाठी पिंपरी वा पुण्यातील दंत महाविद्यालयांचा पर्याय आहे. फारच हलणारा दात काढावा लागतो.

‘साफ केल्याने दात हलतात, फटी पडतात’ ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. फटी आधीच्याच असतात. टार्टरने त्या बुजलेल्या असतात, इतकेच.

मधुमेह अनियंत्रित असल्यास हिरड्या लवकर बिघडतात. उलट, हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांतील रक्तशर्करेचा निर्देशक) सरासरी सुमारे ०.४ टक्क्याने उतरल्याचे चाचण्यांत आढळले आहे. पायोरियाच्या रुग्णाने उपचारानंतरही दर तीन ते सहा महिन्यांनी सफाई करून घ्यावी लागते.