राखुंडी, मिसरी आणि बाळहिरडा

आरोग्यसेविका म्हणून माझी बहुतेक नोकरी अकोले तालुक्यात, राजूरच्या वरच्या अंगाला डांगाणातल्या गावांत गेली. बाळंतपणं, लसी, हिवतापाच्या गोळ्या ही आमची कामं. दातांचं काही वहीत नव्हतंच. तरी ओटीवर टेकलं की एखादी बाई ओठ वर करून दाखवायची, "बाई, थुकलं की रक्त येतंय, काहीतरी द्या." तेव्हापासून मी जुन्या बायांना विचारत आले, तुम्ही दात कशानं घासायच्या? तुमच्या सासूबाई कशानं घासायच्या?

सगळ्यात जुनी ती काडी. खाली प्रवरेच्या काठाला बाभळीची नाहीतर कडुनिंबाची, वर डोंगरात करंजाची. वाग्भटानं अष्टांगहृदयात रुई, वड, खैर, करंज, अर्जुन ही झाडं सांगितली आहेत. काडी करंगळीच्या टोकाएवढी जाड, बारा अंगुळं लांब, टोक चावून मऊ केलेली. आणि पुढे बजावलंय की दात घासताना हिरड्यांना इजा होऊ देऊ नये. इतक्या जुन्या ग्रंथातली ही एक अट आपण पाळली असती, तरी पुष्कळ तोंडं वाचली असती.

दुसरा हिरडा, आणि तो तर अकोल्याच्या जंगलाचं धन. उन्हाळ्यात, कोय धरायच्या आत, महादेव कोळी आणि ठाकर माणसं झाडावर चढून कोवळी फळं पाडतात, बायापोरं खाली वेचतात. अंगणात उन्हात पसरली की हिरवी फळं काळी पडतात, सुरकुततात, मुठीत खडखड वाजायला लागतात. हाच बाळहिरडा. इंग्रजांच्या काळात सह्याद्रीतला हिरडा मुंबईहून बोटीनं विलायतेला जायचा, चामडं कमावायला. व्यापाऱ्यानं दिला तो भाव घ्यायचा, अशी रीत पुष्कळ वर्षं चालली. १९७२ साली आदिवासी विकास महामंडळ निघालं आणि पुढे त्याच्या केंद्रांवरही हिरडा मोजला जाऊ लागला.

कातडं कमावणारं जे तुरट द्रव्य, टॅनिन, तेच तोंडात हिरडी आवळतं. सुश्रुतानं 'शीताद' नावाचा रोग वर्णिला आहे. कारण नसता हिरड्यांतून रक्त येतं, त्या मऊ पडतात, घाण वास येतो. त्यावर त्यानं ज्या काढ्याच्या गुळण्या सांगितल्या, त्यात त्रिफळा आहे, म्हणजे हिरडा आलाच. डांगाणातल्या म्हाताऱ्या ग्रंथ न वाचता हेच करत. हिरडा खलबत्त्यात कुटायचा, वस्त्रगाळ करायचा, पाण्यात कालवून चूळ भरायची. मी स्वतः करून पाहिलं आहे. तोंड असं आवळून येतं की घटकाभर बोलवत नाही.

राखुंडीबद्दल मात्र मला प्रेम नाही. गोवरीची राख, कोळसा, मीठ, कधी तुरटी. बारीक असेल तर निभावतं, खरखरीत असेल तर दाताची मुळाकडची बाजू घासून खाच पडते आणि हिरडी खाली सरकते. पुढे गावच्या दुकानात माकडछाप काळी पावडर आली. १९५२ साली परळला सुरू झालेल्या विकोची वज्रदंती आली. मग टूथपेस्टच्या नळ्या आल्या.

मिसरीनं मात्र घात केला. तव्यावर तंबाखू टाकायचा, धूर निघून काळा होईपर्यंत भाजायचा, हातानं चुरायचा, डबीत भरायचा. त्या धुरानं घरभर ठसका. सकाळी चुलीपुढे बसून बोटानं घासायची, मग दुपारी, मग निजताना. दात घासायचं निमित्त, आणि व्यसन बायांच्या पदरात. पुरुषाच्या विडीला लोक नावं तरी ठेवत. मिसरीला कुणी नाव ठेवलं नाही, कारण ती तोंड धुण्यात मोडत होती. बाया मला सांगत, "मिसरी लावली की रक्त थांबतं, ठणका थांबतो." खरंच थांबतं. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त दिसत नाही. आत दाताचं हाड झिजत राहतं. एक दिवस भाकरीचा तुकडा मोडताना दात हलतो, तेव्हा उशीर झालेला असतो. तोंडाच्या कर्करोगाची भीती वेगळीच. १९९२ साली केंद्र सरकारनं दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली. पण घरच्या तव्यापर्यंत कायदा कसा पोचणार?

रक्त का येतं, याचा उलगडा १९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑरहूस इथं झाला. हाराल्ड ल्यो या दंतवैद्यानं निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवडाभरात पूर्ववत झाल्या. दात आणि हिरडी यांच्या सांध्यात साचणारा चिकट थर हे मूळ. हिरडा हिरडी आवळतो, मिसरी रक्त दडवते, पण थर घासून काढल्याशिवाय दुखणं जात नाही.

म्हणून बायांनो, रक्त दिसलं म्हणून घासणं सोडू नका. गरोदरपणी तर हिरड्या लवकर सुजतात, आणि नेमकं तेव्हाच सोडलं जातं. मऊ ब्रश घ्या, सकाळी आणि निजताना, हिरडीच्या कडेला हलक्या हातानं फिरवा. दातांच्या फटी दोऱ्यानं साफ करा. कोमट मिठाच्या पाण्यानं चुळा भरा, हिरड्याच्या भरल्या तरी माझी हरकत नाही. घरात साखरेचा आजार असेल तर तो आधी आटोक्यात आणा, त्यानं हिरड्या लवकर बिघडतात. पंधरा दिवसांत रक्त थांबलं नाही, किंवा दात हलू लागला, तर दातांच्या डॉक्टरकडे जाऊन साचलेला कडक थर काढून घ्या, तो घरी निघत नाही. संगमनेरपलीकडे लोणीला दंत महाविद्यालयही आहे. आणि मिसरीची डबी आजच चुलीत टाका.