जबडा का धरतो?

वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त जबडा निखळण्याची तीन कारणं दिली आहेत: जीभ फार खरवडणं, कोरडं-कडक चावणं आणि मार लागणं. मग जबड्याच्या मुळाशी वायू बिघडतो, तोंड एकतर उघडंच राहतं नाहीतर मिटलेलंच, आणि चावणं-बोलणं जड जातं. मी दातांची डॉक्टर, पिंपळगाव राजात बसते. हे लिहिणाऱ्याने रोगी अगदी जवळून पाहिला असणार, याविषयी मला शंका नाही. देवगिरीच्या यादवांकडच्या हेमाद्रीने १३व्या शतकात याच ग्रंथावर टीका लिहिली, आणि १८८०मध्ये अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी तो मुंबईत छापून काढला.

उपाय चरकसंहितेत आहे. उघडा राहिलेला जबडा आधी शेकायचा, मग अंगठ्यांनी दाबायचा आणि तर्जनींनी हनुवटी वर उचलायची. जांभई देताना अडकलेला जबडा मी आजही असाच बसवते. दाढांवर ठेवलेल्या अंगठ्यांना गॉज मात्र जाड गुंडाळावं लागतं, कारण सांधा जागेवर गेला की दाढा खटकन मिटतात.

१९३४मध्ये अमेरिकेत कोस्टेन नावाच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दाढा पडण्यावर बोट ठेवलं. दाढा गेल्या की जबडा जास्त मिटतो, सांधा मागे रेटला जातो आणि कान दुखतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी सांगितलेली शरीररचना पुढे टिकली नाही, पण कान दुखतो म्हणून येणाऱ्याचा जबडा तपासायची सवय वैद्यकाला लागली. आता कारणांची यादी लांबली आहे: झोपेत दात खाणं, मनावरचा ताण, सांध्यातली चकती सरकणं, संधिवात, जुना मार. बहुतेकदा एकापेक्षा जास्त कारणं एकत्र असतात. नुसता कट्‌कट्‌ आवाज येतो आणि दुखत नाही, तर काही करायची गरज नसते.

आमच्याकडचा प्रश्न मात्र वेगळा आहे. "मॅडम, जबडा धरला, तोंड उघडून नाही राह्यलं," असं म्हणत तरणी पोरं येतात. मी त्यांना त्यांचीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगते. दोनच जातात. कानापुढे बोट ठेवून तोंड उघड-मीट करायला लावलं तर सांधा गुळगुळीत फिरतो. दोष तिथे नसतोच. गालाच्या आत बोट फिरवलं की पांढुरक्या कातडीखाली दोरीसारखे ताठ पट्टे लागतात. ठेचा खाल्ला की तोंडाची आग होते, हे त्यांनी कित्येक महिने अंगावर काढलेलं असतं.

हा आजार १९५२मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय बायकांमध्ये नोंदवला, १९५३मध्ये डॉ. जोशी यांनी भारतात. कारण सुपारी. तिच्यातलं अरेकोलीन आणि तांबं गालाखालचे तंतू वाढवतं, घट्ट करतं. जेवणानंतर अडकित्त्याने कातरलेलं एक खांड, एवढीच सुपारी आमच्या आजीच्या पिढीला ठाऊक होती. नंतर ती तंबाखूसकट पुडीत शिरली, टपरीवर माळेने लटकली आणि पोरं ती दिवसभर गालात धरू लागली. महाराष्ट्राने २००२मध्ये गुटखाबंदी केली; २००४मध्ये ती सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. २०१२मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा बंदी आली. पुडी अजून मिळते. मला याचा फार राग येतो, कारण एकदा तयार झालेले पट्टे पुरते विरघळत नाहीत. इंजेक्शनं आणि आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून रोज तोंड ताणणं, यांनी थोडं तोंड उघडतं. तेही पुडी सुटली तरच. शिवाय याच गालात पुढे कर्करोग होऊ शकतो.

म्हणून घरात कुणाचा जबडा धरला, तर तेल चोळण्याआधी त्याला काय चघळतोस ते विचारा, आणि उजेडात उभं करून त्याचा गाल आतून बघा.